मॉनिटर बंद केल्यावर

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "कदमसाहेब, तुम्ही आयुष्यभर भाषणं ऐकलीत. चांगला वक्ता कसा ओळखायचा, यावर आमच्यासाठी काहीतरी लिहा." मी आधी विचारलं, "माझा नंबर तुम्हाला कोणी दिला?" मग विचारलं, "यात कोणाची जाहिरात आहे का?" ते बिचारे गोंधळले. सवयच तशी झाली आहे. आमच्या घरात म्हणतात, मी देवळातल्या घंटेकडेही संशयाने बघतो. घरात म्हणजे शैला, माझी बायको आणि धंद्यातली भागीदार. ती या गोष्टीत शेवटपर्यंत आहे.

मी साउंडवाला. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझं दुकान होतं आणि तिथून अंबरनाथ, बदलापूरपर्यंत माझे बॉक्स टेम्पोत, कधी टेम्पो नसला की शेअर रिक्षात उभे-आडवे घालून फिरले. सभा, सत्कार, व्याख्यानं, शोकसभा, दुकानांची उद्घाटनं, सोसायट्यांच्या मीटिंगा. लग्नाचा डीजे मी कधी केला नाही. त्यात पैसा होता, पण कान जातात, आणि माझ्याकडे भरवशाचे म्हणता येतील असे तेवढेच होते.

लोकांना वाटतं, भाषण सगळ्यात नीट पहिल्या रांगेत ऐकू येतं. तसं नाही. ते नीट ऐकू येतं मिक्सरवर, म्हणजे आवाजाच्या बटणांच्या पेटीपाशी, बसून कानाला हेडफोन लावलेल्या माणसाला. तुम्हाला वाक्य ऐकू येतं, मला वाक्याच्या आधीचं गिळणं ऐकू येतं. "मी भारावून गेलो आहे," असं म्हणण्याआधी माणसाने कागद उलटलेला मला ऐकू येतो. "दोनच मिनिटं घेतो," म्हणताना तो पाण्याचा ग्लास जवळ ओढतो, तेही ऐकू येतं. असं वर्षानुवर्षं ऐकलेल्या माणसाचा कोणावर विश्वास राहील, हे तुम्हीच सांगा.

वक्ते तऱ्हेतऱ्हेचे असतात. काही जण आल्या आल्या माइकवर टिचक्या मारतात, फुंकर घालतात. माइक चालू असतो, आम्ही तासभर आधी येऊन तपासलेला असतो, तरी फुंकर घालायचीच. यांच्यावर माझा राग आहे, पण संशय नाही. ही घाबरलेली माणसं. काही जण माइक ओठांना इतका चिकटवतात की नंतर तो पुसून घ्यावा लागतो. हे बहुतेक राजकारणातले. त्यांना दमदार आवाज पाहिजे असतो. तो त्यांना माझ्याकडून फुकटात मिळतो आणि श्रेय छातीला जातं.

आणि एक जात असते बदलापूरच्या व्याख्यानमालेत भेटणारी. माइकपासून दोन पावलं मागे उभं राहायचं आणि हसून म्हणायचं, "मला माइकची गरज नाही. मी शिक्षक होतो." टाळ्या पडतात. मग मी गुपचूप आवाजाची बटणं वर ढकलत बसतो, कारण मागच्या खुर्च्यांवरची मंडळी कानामागे हात धरायला लागलेली असतात. वक्त्याला अखेरपर्यंत वाटतं की सभागृह त्याच्या फुप्फुसांनी भरलं.

अजून एक गोष्ट सगळ्या जातींचे वक्ते करतात. "मागे ऐकू येतंय का?" असं विचारतात. उत्तरासाठी मात्र कोणी थांबत नाही. विचारतात आणि लगेच पुढचं सुरू करतात. एकदाच अंबरनाथला एका बुद्धविहारातल्या कार्यक्रमात एक बाई थांबल्या. फॅक्टरीत पॅकिंगला होत्या, बोलायची सवय नव्हती. त्यांनी विचारलं आणि खरंच गप्प उभ्या राहिल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "नाही येत, ताई." मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, यांना येत नाहीये." मी आवाज वाढवला. बाईंचं भाषण साधंच होतं, मुलींना शिकवा एवढंच त्या सांगत होत्या. पण मी त्या दिवशी हेडफोन काढून ठेवला आणि इतरांसारखा ऐकत बसलो. असं माझ्याकडून फार वेळा झालेलं नाही.

आता माझ्या कसोटीकडे येतो. त्यासाठी एक यंत्र समजून घ्यावं लागेल. स्टेजवर वक्त्याच्या पायाशी एक छोटा स्पीकर ठेवलेला असतो. त्याचं तोंड लोकांकडे नसतं, वक्त्याकडे असतं. त्याला मॉनिटर म्हणतात. मोठे बॉक्स लोकांसाठी आणि हा फक्त बोलणाऱ्यासाठी, त्याचा आवाज त्यालाच ऐकू यावा म्हणून. मॉनिटर बंद पडला तर लोकांना काडीचा फरक पडत नाही. फक्त बोलणाऱ्याला वाटतं, आवाज गेला.

बदलापूरलाच एका गाजलेल्या वक्त्याच्या पायात मॉनिटरची वायर अडकून निघाली. गृहस्थ त्यागावर बोलत होते. आवाज असा की पुढच्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. वायर निघाली आणि ते वाक्याच्या मध्येच थांबले. लोकांना सगळं नीट ऐकू येत होतं, लोक पुढच्या शब्दाची वाट बघत होते. पण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येईना आणि त्याबरोबर त्यागही आठवेना. चष्मा हरवलेल्या माणसासारखे ते इकडेतिकडे बघायला लागले. मी वायर खोचली आणि त्याग परत आला. परतीच्या वाटेवर शैला टेम्पोत म्हणाली, "म्हणजे हे एवढा वेळ स्वतःलाच सांगत होते."

त्या दिवसापासून मी मुद्दाम करायला लागलो. भाषण रंगात आलं की मॉनिटरचं बटण खाली आणायचं आणि बघत बसायचं. जो थांबेल, माझ्याकडे रागाने बघेल, "आवाज, आवाज" करेल, तो लोकांशी बोलत नव्हता. ज्याला कळणारही नाही, तो बोलत होता. गिऱ्हाइकाने ज्या वस्तूचे पैसे दिले ती मध्येच बंद करणं धंद्यात बसत नाही, पण ही चैन मी सोडली नाही. शैलाला पसंत नव्हतं. "तुम्हाला कोणी असं तपासलं तर?" असं ती विचारायची. मी म्हणायचो, "मी कुठे बोलतो?"

बहुतेक जण नापास व्हायचे, आणि मोठ्या नावाचे हमखास. पास कोण झालं, तर कॅम्प तीनमधला एक जीन्सवाला. नव्या दुकानाच्या उद्घाटनाला त्याच्या हातात माइक दिला. तो म्हणाला, "आप सब आए, अच्छा लगा. पंखे के नीचे बैठो, चाय आ रही है." एवढ्यात मी मॉनिटर बंद करून पुन्हा चालूही केला, त्याचं लक्ष चहाकडे होतं. बदलापूरजवळ खरवईला एका शोकसभेत मेलेल्या माणसाचा भाऊ बोलला, त्यालाही कळलं नाही. त्या दिवशी मात्र बटण हलवल्याची मला लाज वाटली.

एवढी कसोटी हाताशी असताना मी फसणार नाही, अशी माझी समजूत होती. मग आमच्याच बिल्डिंगची पाळी आली.

आम्ही कॅम्प चारमध्येच सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचो. बिल्डिंग जुनी. खांबांना भेगा गेलेल्या, जिन्यातल्या सळ्या बाहेर आलेल्या. आमच्याकडे अशा बिल्डिंगी नव्या नाहीत आणि त्यांचं काय होतं हेही सगळ्यांना माहीत आहे. तरी आपली बिल्डिंग म्हटलं की माणूस भेगेवर कॅलेंडर लावतो. आम्हीही लावलं होतं. त्या वर्षी महापालिकेची नोटीस आली, इमारत धोकादायक आहे, पावसाआधी रिकामी करा. चेअरमन राणे यांनी रविवारी गच्चीवर मीटिंग ठेवली आणि मला म्हणाले, "कदमकाका, साउंड तुमचा. घरचंच कार्य आहे."

पालिकेच्या इंजिनिअर बाई आल्या. मुलीच्या वयाच्या. गच्चीवर पाऊल टाकलं, जमलेली गर्दी बघितली आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "आधी सगळे खाली चला. इथे एवढी माणसं नकोत." मला वाटलं, ही गर्दी कमी करायची युक्ती आहे. बॉक्स, स्टँड, वायरी घेऊन पुन्हा सगळे मजले उतरताना माझा संशय जास्तच पक्का झाला.

खाली गल्लीत त्या बोलल्या. बोलल्या कसल्या, पुटपुटल्या. माइक पोटाशी धरलेला, मान कागदात. "कॉलमची ताकद गेलेली आहे. प्लास्टर करून उपयोग नाही. पावसाआधी निघा." कोणीतरी ओरडून विचारलं, "मॅडम, परत कधी यायचं ते सांगा ना." त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही." लोक चिडले. मी मॉनिटर बंद केला होता. त्यांना कळलंच नाही. माझ्या हिशेबाने त्या पास होत्या, पण तेव्हा मी स्वतःशी म्हटलं, जिला माइकच धरता येत नाही तिची कसली परीक्षा.

पुढच्या रविवारी आमच्या भागातले पुढारी भाऊ आले. सगळे त्यांना भाऊच म्हणतात, मीही तेवढंच लिहितो. भाऊंनी मीटिंग गच्चीवरच घेतली. "या गच्चीवर पोरांची बारशी झाली, हळदी झाल्या. आज मात्र ही तुम्हाला पेलणार नाही म्हणे." लोक हसले. भाऊंची पद्धत अशी की सुरुवात हळू करायची, लोकांना पुढे वाकायला लावायचं, मग एकदम चढायचं. "नोटिशीच्या मागे कोण आहे ते मला माहीत आहे. तुम्ही एकदा कुलूप लावलंत की ते पुन्हा उघडणार नाही. मी आहे तोवर एकही बिऱ्हाड हलणार नाही. पाडायचं मशीन आलं तर पुढे मी आडवा पडेन."

ऐन 'आडवा'वर मी बटण खाली आणलं. भाऊ थांबले. माझ्याकडे बघितलं. "ए साउंड, आवाज गेला." लोकांना सगळं ऐकू येत होतं. मी बटण वर केलं आणि भाऊ पुन्हा आडवे पडायला लागले. टाळ्यांनी गच्ची हलली, हे मी शोभेसाठी म्हणत नाही. शैला खाली आमच्या घरात चहा करत होती. ती ट्रे घेऊन वर आली तेव्हा कपांमध्ये पांढरा चुरा तरंगत होता. छताचं प्लास्टर. तिने ट्रे राणेंच्या पुढे धरला. राणे म्हणाले, "जुना रंग असेल, वहिनी." आणि दुसरा चहा मागवला.

त्या ट्रेने मला हलवलं. मी पहिल्यांदाच घाबरलो. घरोघर जाऊन सांगायला लागलो की भाऊंचं खरं नाही. लोक विचारायचे, "कशावरून?" मी मॉनिटरचं सांगायचो. दुसऱ्या मजल्यावरचा संदीप, जीन्सच्या वॉशिंगमध्ये सुपरवायझर, तो हसून म्हणाला, "काका, आपकी वायर ढिली होगी. भाऊ नाही ढिले." वर म्हणाला, "बिल्डरने तुम्हाला काही बोललंय का? सांगा ना, आम्ही पण ऐकतो." म्हणजे आता संशय माझ्यावर. मी आयुष्यभर वाटलेली वस्तू मला परत मिळत होती, तक्रार करायला जागा नव्हती.

खरं अडलं होतं ते लछमनकाकांपाशी. तळमजल्यावर ते आणि कमलाकाकी, सिंधी जोडपं. बिल्डिंगमधले सगळ्यात जुने रहिवासी. काका गल्लीत खुर्ची टाकून बसायचे आणि येणारा-जाणारा त्यांना सांगून पुढे जायचा. ते निघाले असते तर बाकीचे निघाले असते, हे राणेही जाणून होते. आणि तळमजला म्हणजे, काही झालंच, तर सगळं त्यांच्या डोक्यावर. मला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. खाली खुर्ची, आणि वर आम्ही सगळे.

मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पापड आणि पाणी पुढे ठेवलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साईं, मेरी माँ को भी सिंध में ऐसे ही बोला था. थोड़े दिन के लिए चलो, फिर वापस आएँगे. मैं तो गोद में था. वो इधर कॅम्प में आई, और सारी उमर एक गठरी बाँध के रखी, कि वापस बोलेंगे तो देर न हो." थोडा वेळ ते पापडाचा तुकडा बोटात फिरवत राहिले. "मैं नहीं बाँधूँगा गठरी."

मी घरी येऊन शैलाला म्हटलं, "मीच बोलतो. मीटिंग लावतो आणि मीच माइक घेतो." ती म्हणाली, "बोला की. नीट बोला." मिक्सरवर ती बसणार हे ठरलेलंच होतं. माझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे.

मीटिंग गल्लीतच घेतली. मी सगळं साहित्य मांडलं. माझ्यासाठी मॉनिटरही मांडला, कारण ज्याने शेकडो लोकांना मॉनिटर दिला तो स्वतः कसा सोडेल. माइक हातात घेतला. फुंकर घातली नाही, टिचकी मारली नाही. आणि बोलायला लागलो.

पहिलं वाक्य अडखळलं. मग मॉनिटरमधून माझा आवाज आला. तुम्हाला काय सांगू, तो आवाज चांगला होता. मीच लावलेलं मशीन, मीच निवडलेला माइक, आवाजात वजन आलेलं. मी जरा हळू बोललो, लोक पुढे वाकले. ते भाऊंचं होतं. मी एका जागी थांबलो, नुसता बघत राहिलो, कोणीतरी उसासा टाकला. ते बदलापूरच्या त्यागवाल्या गृहस्थांचं होतं. मला जे जे येत होतं ते सगळं दुसऱ्यांचं होतं आणि ते सगळं कामाला येत होतं. राणेसुद्धा मान हलवायला लागले. मागे लछमनकाका खुर्चीत बसले होते, कमलाकाकी शेजारी स्टुलावर. मी त्यांच्याकडे बघून आवाज चढवला.

"मित्रहो, घाबरू नका. आपण कुठे कायमचे चाललोय? थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. याच जागेवर नवी इमारत उभी राहील, आणि आपण सगळे, एकूण एक बिऱ्हाड, परत येऊ. हा माझा शब्द आहे. हा कदमचा..."

आणि आवाज गेला.

मी थांबलो. पुढचा शब्द कुठला होता ते मला आजही सांगता येत नाही. मी पायाकडे बघितलं, वायरीकडे बघितलं, तोंडातून निघून गेलं, "आवाज, आवाज." आणि मग मिक्सरकडे बघितलं. शैला माझ्याकडेच बघत होती. तिचा एक हात बटणावर होता. राग नव्हता, हसूही नव्हतं. मोठ्या बॉक्समधून माझं 'आवाज, आवाज' गल्लीभर घुमलं होतं. संदीप मोठ्याने म्हणाला, "काका, येतोय की आवाज. बोला."

मी कसला शब्द देत होतो? नवी इमारत कोण बांधणार होतं, कधी, कोणाला परत घेणार होतं, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. लछमनकाकांच्या आईला कोणीतरी जे सांगितलं होतं, तेच मी त्यांना चांगल्या माइकवरून सांगत होतो.

मग मी बोललो ते असं. "परत यायचं मला माहीत नाही. मिळेल की नाही तेही माहीत नाही. मिळणार असं सांगत होतो ते उगाच. आमच्या चहात छत पडलं. मला भीती वाटते. वर झोपल्यावर वाटतं की आपण काकांच्या अंगावर पडणार. म्हणून आम्ही दोघं निघतोय, याच आठवड्यात. खरवईला भाड्याने खोली बघितली आहे. बाकी मला काही येत नाही." आणि सवयीने, हजार वेळा ऐकलेलं असल्यामुळे, तोंडात आलं, "मागे ऐकू येतंय का?"

नंतर काय बोलायचं ते सुचलं नाही, म्हणून मी थांबलो. गल्लीत एक रिक्षा अडकून हॉर्न वाजवत होती, ती गेली. मग मागून लछमनकाकांचा आवाज आला. त्यांच्याकडे माइक नव्हता.

"अब आ रहा है."

त्यांनी कमलाकाकींना हात देऊन उठवलं, खुर्ची घडी करून काखेत घेतली आणि आत गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दारात टेम्पो लागला. सामान चढवायला संदीप होता. काका मला म्हणाले, "गठरी नहीं है. सब खुला डाला है." आणि खरंच, भांडी, गाद्या, देवाचे फोटो, सगळं टेम्पोत नुसतं रचलेलं होतं, काहीच गाठोड्यात बांधलेलं नव्हतं. पावसाआधी बिल्डिंग रिकामी झाली. राणे शेवटी निघाले, चेअरमन म्हणून.

वाचकाला आता वाटत असेल की पावसात बिल्डिंग कोसळली आणि सगळ्यांनी माझे आभार मानले. तसं झालं नाही. बिल्डिंग उभी आहे. दाराला पत्रे ठोकले आहेत, गच्चीवर कोणाची तरी साडी अजून वाळत पडली आहे. नव्या इमारतीचं कोणी काही सांगत नाही. बाजारात जुने शेजारी भेटतात, भाड्याचं रडतात आणि जाता जाता म्हणतात, "काका, तुमची बिल्डिंग तर उभीच आहे." 'तुमची' म्हणतात. मी बघायला जातो तेव्हा कधी कधी वाटतं, एखादा कोपरा तरी पडावा, म्हणजे मी खरा ठरेन. मग स्वतःचीच किळस येते आणि मी परत फिरतो.

लछमनकाका आमच्या शेजारच्या चाळीत राहतात. खरवईला गल्ली रुंद आहे, खुर्चीला जागा आहे, पण येणारे-जाणारे त्यांना ओळखत नाहीत. मी संध्याकाळी जाऊन बसतो. ते कधी विचारतात, "वापस का कुछ?" मी म्हणतो, "माहीत नाही, काका." ते मान हलवतात आणि पापड पुढे करतात. माझ्यावर विश्वास ठेवून ज्यांनी घर सोडलं त्यांना रोज हेच उत्तर द्यावं लागणं, हे मला अजून जड जातं.

दुकान मी बंद केलं. बॉक्स विकले, मॉनिटर तेवढा घरात आहे, त्यावर शैला तुळशीची कुंडी ठेवते. परवा संपादकांचा फोन आल्यावर मी तिला पहिल्यांदाच सरळ विचारलं, "त्या दिवशी तू बटण मुद्दाम खाली केलंस ना?"

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "वायर सैल असेल."

ती वायर मी मीटिंगच्याच संध्याकाळी तपासली होती.